सव्वा टनाची गाडी

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी फराळाची ताटं उचलली आणि वहिनीने तीन वर्षांची बिलं पडवीत मांडली. २०२२, २०२३, २०२४ अशा तीन गड्ड्या, प्रत्येकीला रबर लावलेलं. आण्णांनी एकही गड्डी उघडली नाही. समोर कडुनिंबाखाली पिकअप उभी होती, ते तिच्याकडेच बघत बसले.

"एकूण दोन लाख तेरा हजार झालेत, आण्णा," वहिनी म्हणाली. "यात डिझेल नाही, इन्शुरन्स नाही. नुसती दुरुस्ती."

"तीन वर्षांत ना? म्हणजे वर्षाला एकाहत्तर हजार. नवी घेतली तर हप्ता किती बसेल?"

"आठ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी काढलं तर साडेदहा टक्क्यांनी महिन्याला सतरा हजार दोनशेच्या आसपास."

"वर्षाचे दोन लाख सहा हजार झाले. मग विषय कुठं राहिला?"

मला वाटलं, संपलं. आकड्यांपुढे कोण काय बोलणार! पण वहिनीची वही अजून मिटलेली नव्हती. त्या दुपारी मी बराच वेळ त्या दोघांमध्ये बसून होतो. दोघांपैकी कुणाचंच म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही, म्हणून ते लिहून काढतो आहे.

गाडी २०११ची. सव्वातीन लाख किलोमीटर चाललेली. जुन्नर तालुक्यात टोमॅटो पिकवणाऱ्या घरात पिकअप असते ती एका ठरलेल्या कामासाठी. रोज संध्याकाळी कॅरेटं भरायची, एरवी नारायणगावच्या बाजारात आणि भाव बरा असेल तेव्हा माळशेज घाट उतरून कल्याणवरून वाशीला. पासिंग सव्वा टनाचं. एका कॅरेटात वीस किलोच्या वर माल बसतो. आमच्या गाडीत ११० कॅरेटं जातात. हिशेब वाचणाऱ्यानेच करावा.

वहिनीने केला होता.

"गाडी तीन वर्षांत ४१ दिवस गॅरेजला उभी होती. त्यातले ११ दिवस ऐन हंगामातले. भाड्याची गाडी वाशीला सात हजार घेते, आपली साडेतीन हजारांत जाते. अकरा खेपांचे साडेअडतीस हजार वर गेले. आणि २०२३चा जुलै धरायचा की नाही?"

आण्णा गप्प राहिले. त्या जुलैबद्दल आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. नारायणगावात कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. टीव्हीवाले येऊन गेले होते, शेजारच्या गावांत लोकांनी घरं बांधायला काढली होती. त्याच आठवड्यात आमची गाडी ११० कॅरेटं घेऊन शीळफाट्याच्या कोंडीत अडकली, तिथेच तापली आणि हेड गॅस्केट गेलं. माल दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीतून वाशीला पोहोचला तेव्हा भाव १,७०० वर आला होता आणि १४ कॅरेटं इतकी लाल झाली होती की कुणी हात लावला नाही.

"छप्पन्न हजार आठशे," वहिनी म्हणाली. "सगळं मिळवून तीन लाख आठ हजार. म्हणजे वर्षाला एक लाख तीन."

"तरी हप्त्याच्या निम्मंच."

"हो. निम्मंच," तिने शांतपणे मान्य केलं. "गाडी विका असं मी म्हटलंय कधी?"

आण्णांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. घरात सगळ्यांची समजूत अशी होती की वहिनीला नवी गाडी हवी आहे.

तिने २०२३च्या गड्डीचं रबर काढलं आणि एक बिल वेगळं केलं. इंजिनकाम, ८३,०००. पिस्टन, रिंगा, लायनर, मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, गॅस्केटचा सगळा सेट, मजुरी.

"हे बिल कशामुळे झालं, सांगा."

"कोंडीत तापली म्हणून."

"कोंडीत त्या दिवशी शंभर गाड्या होत्या. त्या नाही तापल्या. आपण त्याआधी महिनाभर रोज सकाळी रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी ओतत होतो, आण्णा. ते पाणी जात कुठं होतं?"

आण्णांना ते ठाऊक होतं. वॉटर पंपाच्या सीलमधून पाणी झिरपत होतं. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. सील खराब झालं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, मालकाला दिसावं, एवढ्यासाठीच ते ठेवलेलं असतं. आमच्या गाडीने महिनाभर रोज तसं दाखवलं आणि आम्ही रोज बाटली भरून ओतली. कूलंट तर नव्हतंच, विहिरीचं जड पाणी. त्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरले. चालत्या गाडीला समोरून वारा लागतो म्हणून निभावत होतं. कोंडीत वारा थांबला, पाणी कमी होतं, काटा चढला. हेड तापून कागदाच्या जाडीएवढं वाकलं तरी पुरतं. गॅस्केट जळतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ चिकटा दिसतो. ऑइलमध्ये पाणी गेलेलं इंजिन तसंच थोडं जरी चालवलं तरी बेअरिंग खरवडली जातात. त्या दिवशी ड्रायव्हरने गाडी बाजूला घ्यायला दोन किलोमीटर चालवली होती.

"पंप केवढ्याला आला असता?" वहिनीने विचारलं.

"दोन-सव्वादोन हजार."

ती पुढे काहीच बोलली नाही, आणि ते मला फार आवडलं.

आण्णांची बाजू मात्र इथे मांडायलाच हवी, कारण वहीत ती येत नाही. हा माणूस गाडी कानाने ओळखतो. क्लच सोडताना मागून खट् असा एकच आवाज आला की ते लांबूनच म्हणतात, "शाफ्टचा क्रॉस बघून घ्या." हजार-बाराशेत काम होतं. दुर्लक्ष केलं तर चालत्या गाडीचा शाफ्ट सुटतो आणि खाली जे येईल ते फोडतो. एका ठरावीक वेगाला मागून घोंगावल्यासारखं झालं, पाय उचलला की तो सूर बदलला, तर हौसिंगचं ऑइल संपलंय किंवा क्राऊन-पिनियन घासलंय. पुढचे टायर एकाच कडेने खाल्ले जात असतील तर आधी किंगपिन आणि टायरॉड हलवून बघायचे, मगच अलाइनमेंटला पैसे घालायचे. सेल्फ मारल्यावर नुसतं कट् झालं तर सेल्फ उतरवायच्या आधी बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घासायची. दीडशे रुपयांच्या पट्टीसाठी लोक चार हजारांचा सेल्फ बदलून येतात.

धुराचं तर त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर, मग टर्बोची पाइप कुठे फाटली आहे का ते, आणि मग नोझल. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हची सीलं, नाहीतर टर्बोचं सील. सकाळी चालू करताना पांढरा येऊन गेला तर चिंता नाही, इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर पाणी जळतंय असं समजायचं. ही माहिती कुठल्याही मिस्त्रीकडे असते. आण्णांकडे ती मालक म्हणून आहे, हा फरक मोठा आहे. ज्या मालकाला आपल्या गाडीचा धूर वाचता येतो त्याला गॅरेजवाला सहसा नको ते बिल लावत नाही.

"तुझ्या नव्या गाडीत मला काय कळणार?" ते वहिनीला म्हणाले. "ही जुनी, मेकॅनिकल पंपाची. मायकोचा पंप कुठल्याही तालुक्याच्या गावात उघडतात, कॅलिब्रेट करून देतात. चार नोझल बदलून, पंप करून दहा-बारा हजारांत गाडी पहिल्यासारखी होते. कॉमन रेलचा एक इंजेक्टर तेवढ्याला येतो. आणि डिझेलमध्ये थोडं पाणी आलं की चारही जातात."

"डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलला आणि त्यातलं पाणी सोडलं तर नाही जात. ते काम दहा मिनिटांचं आहे."

"नव्यात धुराच्या नळीलासुद्धा फिल्टर आहे म्हणे."

"आहे. एप्रिल २०२० नंतर बीएस-सहा आलं, तेव्हापासून. तो भरतो, मग मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून जाळावा लागतो. नुसतं घर ते बाजार केलं तर त्रास देतो, हे मलाही माहीत आहे. पण आण्णा, आपल्या गाडीचा काळा धूर सकाळी गोठ्यात भरतो. तिथे तुमचा नातू दूध काढताना उभा असतो. त्याचं कुठलं बिल येत नाही."

यावर आण्णांनी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाडी गोठ्याकडे तोंड करून उभी होती, मागची बाजू रस्त्याकडे.

मग विषय पाट्यांवर आला आणि खरा वाद तिथे झाला.

तिन्ही गड्ड्यांत मिळून मागच्या पाट्यांची सहा बिलं होती. मेन पाटा तुटला, दुसरा पाटा तुटला, सेंटर बोल्ट गेला, बुश गेले, कमान चढवली, परत तुटला. दोन क्लच. एकदा हौसिंग, एकवीस हजार. मागचे टायर दर वर्षी.

"ही गाडी जुनी म्हणून मोडत नाही," वहिनी म्हणाली. "सव्वा टनाच्या गाडीत आपण सव्वादोन टन भरतो म्हणून मोडते. उद्या नवी आणली आणि तिच्यातही असंच भरलं, तर तीन वर्षांनी हीच बिलं नव्या नावाने येतील. वर हप्ता. म्हणून मी नवी मागत नाही. मी साठ कॅरेटं मागते."

"साठ कॅरेटं घेऊन वाशीला?" आण्णांचा आवाज चढला. "साडेतीन हजारांची खेप. साठ कॅरेटांवर वाटली तर कॅरेटला ५८ रुपये. एकशे दहावर वाटली तर ३२. प्रत्येक कॅरेटमागे २६ रुपये कुठून आणायचे? वर्षाच्या पंचेचाळीस खेपा धर. तुझे पाटे, तुझे क्लच, हौसिंग, सगळं त्यात बसतं आणि उरतं. सगळा तालुका वेडा म्हणून एवढं भरतो का?"

मी कागदावर मांडून पाहिलं. आण्णा बरोबर होते. खेपेला २,९०० रुपये वाचत होते, पंचेचाळीस खेपांचे एक लाख तीस हजार. तुटलेल्या पाट्यांचं, क्लचचं, हौसिंगचं बिल त्याच्या जवळपासही येत नव्हतं. जादा भार वाहणारे शेतकरी अडाणी असतात, त्यांना झीज कळत नाही, असं शहरात बसून लिहिणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. भाव दोनशे रुपये कॅरेट असताना २६ रुपये ही छोटी रक्कम नाही.

"एकदा आरटीओने धरलं तर?" वहिनी म्हणाली. "२०१९च्या दुरुस्तीपासून जादा भाराला वीस हजार दंड आहे, वर जादा टनामागे दोन हजार. एक पावती म्हणजे तुमच्या सात-आठ खेपांची बचत."

"धरत नाहीत रोज."

"बरं. मग ब्रेकचं बोलू."

माळशेज ज्यांनी पावसाळ्यात उतरला आहे त्यांना सांगायला नको. जुलैत ढग रस्त्यावर उतरतात, डोंगराकडून पाणी आणि दगड येतात, दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. अशा उतारावर दुप्पट भार घेऊन सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. जुन्या, पाणी मिसळलेल्या ऑइलला तापल्यावर वाफ धरते आणि पॅडल पोकळ होतं. म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या तीन वर्षांच्या बिलांत ते एकदाही नव्हतं. चारशे-पाचशे रुपयांचं काम.

"ब्रेक लागत नाही म्हणून घाटात गिअरमध्ये उतरतोच की आम्ही," आण्णा म्हणाले. "ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं."

"तुम्ही उतरता. ड्रायव्हर उतरतो का? मिस्त्री सांगत होता, तो डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून इंजिन बंद करतो."

आण्णा ताडकन उठून बसले. "कोण म्हणालं?"

"मिस्त्रीच. आपल्या डायनमोच्या मागे व्हॅक्यूम पंप आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकला बूस्टरची मदत दोन-तीन दाबांपुरतीच राहते, मग पॅडल दगडासारखं होतं. सव्वादोन टन मागून ढकलत असताना."

आण्णांनी तिथूनच ड्रायव्हरला फोन लावला. ते काय बोलले ते लिहीत नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले.

मला वाटतं, त्या दुपारी वाद जुन्या-नव्याचा राहिलाच नाही. आण्णांचा जीव एका गोष्टीत होता: दुरुस्त होण्यासारखी वस्तू फेकू नये. पूर्वी गावातला माल दुसऱ्याच्या मॅटॅडोरने जायचा तेव्हा रात्रभर रस्त्यावर थांबून गयावया करणारा हा माणूस. २०११ला स्वतःची गाडी दारात आली तेव्हा ते पन्नाशीत होते. वहिनीचं म्हणणं वेगळं होतं: दुरुस्तीच्या नावाखाली आपण दोन हजारांचं काम टाळतो आणि ऐंशी हजारांचं करतो, आणि माणसाचा जीव कुठल्याच रकान्यात धरत नाही. ही दोन म्हणणी एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे मला लिहिताना दिसतंय. त्या वेळी दोघांचेही चेहरे लाल झाले होते.

कागदपत्रांचा मुद्दा वहिनीने शेवटी काढला. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस, वर पर्यावरण कर. पंधरा वर्षं झाली की फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून कित्येक पटींनी वाढलेली. "दिल्लीसारखं नाही आपल्याकडे, तिथे डिझेल गाडीला दहाच वर्षं. इथे पास झाली तर चालते. पण पास व्हायला हवी."

"होईल. इंजिन नवं केलंय, क्लच नवा, आणखी काय बघणार?"

"चेसिस," वहिनी म्हणाली. "ती बघितलीय कधी?"

इंजिन पुन्हा उभं राहतं, गिअरबॉक्स पुन्हा भरता येतो, केबिनला पत्रा लावता येतो. चेसिस मात्र असते तेवढीच असते. जुनी पिकअप घ्यायची किंवा ठेवायची असेल तेव्हा लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग बघतात, मीटर बघतात. खाली वाकून फार थोडे बघतात. मी तर म्हणेन, हातात पाचशे रुपये असतील तर ते आधी चेसिस धुऊन खालून बघायला द्यावेत, इंजिनाकडे नंतर वळावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आळेफाट्याला मिस्त्रीकडे गेलो. गाडी खड्ड्यावर घेतली, खालून पाण्याचा मारा केला. तेरा वर्षांची माती गळून पडायला अर्धा तास लागला. मिस्त्रीने छोटी हातोडी घेतली आणि पुढून ठोकत मागे आला. टण्, टण्, टण्. आण्णा खड्ड्यात त्याच्या शेजारी उतरले होते, डोळे मिटून ऐकत होते. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरपाशी आवाज बदलला. थप्. मिस्त्रीने पुन्हा ठोकलं. थप्. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पापुद्रा सुटला, त्याखाली दुसरा सुटला आणि टोक बोटभर आत गेलं.

"उजवी बाजू ठीक आहे," तो म्हणाला. "डावीकडे वीतभर सडलीय. पट्टी मारून वेल्डिंग करतो, नऊ हजार. पण मी सांगतो ते ऐका. नारायणगावपर्यंत चालवा, साठ-पासष्ट कॅरेटं भरून. वेल्डिंगच्या चेसिसवर भार घेऊन घाट उतरवू नका."

वहिनी काही बोलली नाही. एका रात्रीपूर्वी ती हेच मागत होती, पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण नव्हती. वाशीच्या खेपा आता भाड्याच्या गाडीने, नाहीतर पुढच्या हंगामाआधी जास्त पासिंगची गाडी. तो हप्ता तिच्याच वहीत येणार होता.

"डावीकडेच का सडली?" आण्णांनी खड्ड्यातून विचारलं. "दोन्ही बाजू एकाच गाडीच्या."

मिस्त्रीने हौदाची फळी वर उचलून दाखवली. डाव्या कोपऱ्यात पांढरट थर बसला होता. वहिनीने बोटाने खरवडून बघितला.

"युरिया," ती म्हणाली. "तीन पावसाळे आपण उरलेल्या गोण्या तिथेच ठेवतोय. ताडपत्रीखाली."

खताला ओल लागली की ते पाझरतं आणि लोखंड खातं. रस्त्यावर गोण्या उतरवायला जागा नसते, घरात ओल असते, म्हणून हौदाचा कोपरा. हे दादानेही केलं होतं, मीही सुट्टीत आलो की केलं होतं.

घरी पोहोचल्यावर आण्णांनी चहा घेतला नाही. ताडपत्री ओढून त्यांनी उरलेल्या चार गोण्या एकेक करून पडवीत फळ्यांवर नेऊन ठेवल्या. वहिनीने पाण्याची नळी आणली आणि दोघंही डावा कोपरा धूत राहिले, पांढरं पाणी निघायचं थांबेपर्यंत.